आमचा माणूस दाखवा, आणि कागद आमच्या भाषेत द्या!

(गिरणी कामगारांच्या सभेतील भाषण)



आज आम्ही कोर्टातल्या एका अर्जाविषयी बोलणार आहोत. कोर्टाचे नाव काढले की सभेतले निम्मे लोक चपला शोधू लागतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पण जरा थांबा. हा अर्ज जमिनीच्या वाटणीचा नाही, की पागडीच्या खोलीचा नाही. रात्री दोन वाजता दार ठोठावून घरातला माणूस उचलला, सकाळी पाळीची वेळ झाली तरी तो कोणत्या चौकीवर आहे याचा पत्ता लागेना, तर त्याच्या बायकोने, भावाने, नाहीतर शेजारच्या खोलीतल्या माणसाने करायचा हा अर्ज आहे. इंग्रज त्याला हेबियस कॉर्पस म्हणतो. शब्द मुळात लॅटिन, म्हणजे साहेबालाही तो उसनाच आणावा लागला. अर्थ एवढाच, की देह हजर कर. आपल्या सरकारी मराठीत त्याला ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ असे भारदस्त नाव दिले आहे. ते म्हणेपर्यंत माणूस सुटूनही येईल! म्हणून आम्ही आज त्याला साधे ‘माणूस दाखवा’ अर्ज म्हणणार आहोत.

या अर्जाची गंमत काय आहे ती आधी समजून घ्या. एरवी कोर्टात जो तक्रार करतो त्यानेच शाबीत करायचे असते. तुमची बदली चुकीची झाली? शाबीत करा. हजेरी खाल्ली? शाबीत करा. इथे उलटे आहे. घरच्यांनी एवढेच म्हणायचे की आमचा माणूस अमक्याच्या ताब्यात आहे आणि का आहे ते आम्हांला सांगत नाहीत. मग कोर्ट ताबा घेणाऱ्याला विचारते, ‘कोणत्या कायद्याने धरलास? कागद काढ.’ कागद नसला, किंवा कागद कायद्याच्या मापाला उतरला नाही, तर माणूस सोडावा लागतो. पकडलेला माणूस चांगला की वाईट, लाल की भगवा, हा प्रश्नच तिथे नाही. आजकाल कोर्ट दर वेळी माणूस समोर उभा करायला लावतेच असे नाही. पण कागद मागितल्याशिवाय ते राहत नाही. तेव्हा सगळी लढाई त्या कागदावर येऊन ठेपते, आणि म्हणूनच आजचे भाषण कागदावर आहे.

कुणीच विचारले नाही तर काय होते, तेही ऐका. बिहारमध्ये रुदुल शाह नावाचा एक माणूस मुझफ्फरपूरच्या कोर्टातून ३ जून १९६८ रोजी निर्दोष सुटला. सुटला म्हणजे कोर्टाच्या कागदावर सुटला. तुरुंगाच्या फाटकातून तो बाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी! मध्ये चौदा वर्षे गेली. त्याच्यासाठी सुप्रीम कोर्टात हाच अर्ज पडला तेव्हा कुठे फाटक हलले. १९८३ साली कोर्टाने त्याला आधीच्या पाच हजारांवर आणखी तीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली. चौदा वर्षांचे पस्तीस हजार. हिशेब तुमचा तुम्ही करा, तुम्हांला रोजंदारीचे गणित आमच्यापेक्षा चांगले येते.

आता पकडण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. पहिला प्रकार, गुन्ह्याच्या संशयावरून अटक. राज्यघटनेचे २२ वे कलम सांगते की अटकेचे कारण सांगितले पाहिजे, वकिलाला भेटू दिले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. चोवीस तास उलटले आणि माणूस अजून चौकीतच आहे, तर ‘माणूस दाखवा’ अर्ज चालतो. पण मॅजिस्ट्रेटने रीतसर कोठडी दिली असेल, तर हा अर्ज सहसा चालत नाही. तिथे जामिनाचा रस्ता धरावा लागतो. हे स्पष्ट सांगतो, कारण पैसे उकळून भलताच अर्ज लावणारे लोक कोर्टाच्या आवारात कमी नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे विनाचौकशी स्थानबद्धता. यात गुन्हा नाही, खटला नाही, साक्षीदार नाही. हा माणूस उद्या काही करील अशी साहेबाला भीती वाटते, एवढ्यावर त्याला महिनोन्‌महिने आत ठेवता येते. हे हत्यार इंग्रजाने परजले. १९४३ साली मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात त्या वेळच्या फेडरल कोर्टाने २२ एप्रिलला सांगितले की तुम्ही ज्या नियमाखाली माणसे डांबता तो नियमच कायद्याबाहेरचा आहे. सरकारने काय केले? २८ एप्रिलला वटहुकूम काढून भोकाला ठिगळ लावले. सहा दिवस! कामगारांच्या महागाई भत्त्याचा निर्णय कधी सहा दिवसांत झाल्याचे आठवते का कुणाला?

इंग्रज गेला, हत्यार राहिले. २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झाले आणि पुढच्याच महिन्यात प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आला. त्यातले १४ वे कलम तर असे होते की तुम्हांला का डांबले त्याची कारणे सरकारने तुम्हांला द्यायची, पण तुम्ही ती कोर्टातही उघड करायची नाहीत. केलीत तर तो गुन्हा! ए. के. गोपालन यांनी त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात अर्ज केला. १९ मे १९५० च्या निकालात कोर्टाने ते १४ वे कलम उडवले, बाकीचा कायदा मात्र ठेवला. गोपालन सुटले नाहीत. पण कागद कोर्टापुढे मांडण्याचा हक्क त्यांनी तुमच्या-आमच्यासाठी मिळवून ठेवला.

याच कायद्याने १९५६ च्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राची माणसे उचलली गेली. त्याआधी १९५५ च्या २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या झेललेली गिरणगावातली घरे आम्ही पाहिली आहेत. त्या कथा तुम्हांला आम्ही सांगायला नकोत. मागणी काय होती? राज्यकारभार आमच्या भाषेत चालावा. सरकारने आमच्याशी बोलावे ते आम्हांला कळेल असे बोलावे. १ मे १९६० ला राज्य झाले.

आणि मग एका वर्षाच्या आत काय झाले पाहा. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सावकाश सांगतो आहोत.

एप्रिल १९६१. जागा नागपूर. हरिकिसन नावाच्या इसमाला त्याच स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडले. हुकूम इंग्रजीत. कारणांचा कागद इंग्रजीत. हरिकिसनला इंग्रजी येत नव्हते. त्याने रीतसर लिहून मागणी केली, की मला इंग्रजी समजत नाही, ही कारणे हिंदीत द्या म्हणजे मला उत्तर देता येईल. मागणी गैर होती का? घटनेचे २२ वे कलमच म्हणते की कारणे कळवा आणि त्याला आपले म्हणणे मांडायची लवकरात लवकर संधी द्या. पण सरकारने नकार दिला. कारण काय दिले? एक, पोलीस अधिकाऱ्याने कागद देताना त्याचा अर्थ तोंडी समजावून सांगितला होता. दोन, इंग्रजी ही अजून सरकारी भाषा आहे, तेव्हा इंग्रजीत दिले म्हणजे कायद्याने दिले.

बंधूंनो, हे कोण बोलले? मद्रासचे सरकार नव्हे, दिल्लीचे नव्हे. भाषेच्या नावाने उभे राहिलेले, ज्याच्या पायाखाली हुतात्म्यांचे रक्त आहे, ते महाराष्ट्राचे सरकार! खटल्याचे नावच मुळी ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. आम्हांला हे सांगताना आनंद होत नाही. पण घरातली घाण झाकून शेजाऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवायची आमची सवय नाही.

हरिकिसनने ‘माणूस दाखवा’ अर्ज केला. नागपूरला हायकोर्टात तो हरला. सुप्रीम कोर्टात गेला, आणि जानेवारी १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाने सांगितले की ज्याला इंग्रजी येत नाही त्याला कारणे त्याला समजेल त्या भाषेत दिली पाहिजेत, आणि तो लिहिता-वाचता असेल तर त्याला वाचता येईल त्या लिपीत दिली पाहिजेत. पोलिसाने तोंडी सांगितले, हे पुरत नाही. इंग्रजी सरकारी भाषा आहे, हेही उत्तर पुरत नाही. माणूस सोडा.

पण एप्रिल ते जानेवारी म्हणजे नऊ महिने मोजा. जिंकलेल्या माणसाचे नऊ महिने गेले. अर्ज जादूची कांडी आहे असे आम्ही म्हणत नाही.

तोंडी का पुरत नाही? हे तुमच्याइतके कुणाला कळणार! गिरणी बंद पडताना एका गिरणीच्या दारात टेबल मांडून आमच्यापैकी कित्येकांच्या सह्या घेतल्या गेल्या. कागद इंग्रजी. टेबलापलीकडचा माणूस म्हणाला, ‘काका, यात तुमच्या फायद्याचंच लिहिलंय, इथं सही करा.’ तो खोटे बोलला असेलच असे नाही. पण त्याने चार पानांतल्या चार ओळी सांगितल्या. कोणत्या चार सांगायच्या हे त्याने ठरवले. तोंडी सांगितलेले घरी नेता येत नाही. कंदिलाखाली, आता दिव्याखाली म्हणा, पुन्हा वाचता येत नाही. शिकलेल्या मुलीला दाखवता येत नाही. वकिलाच्या हातात ठेवता येत नाही. आणि कोठडीत तर माणूस भेदरलेला असतो. त्या घटकेला साहेब भराभर काय बोलला, ते कुणाच्या ध्यानात राहणार? धोट्यातून धागा सुटला की माग रिकामा आपटत राहतो, कापड होत नाही, तसे ते बोलणे.

हरिकिसननंतर ओरिसातला हाडीबंधू दास यांचा खटला झाला, १९६८ साली. कटकच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटचा हुकूम चौदा टंकलिखित पानांचा, इंग्रजीत, तेरा वर्षांच्या उलाढाली त्यात कोंबलेल्या. भाषांतर वेळेवर नाही. सरकार म्हणाले, तोंडी समजावले होते! चौदा पाने तोंडी! कोर्टाने ते मानले नाही. पुढे १९८० साली लल्लूभाई पटेल या गुजराती इसमाचे प्रकरण आले. आरोप चोरट्या आयातीचा. त्याला फक्त गुजराती येत होती, कागद इंग्रजीत होता, अधिकाऱ्याने म्हणे गुजरातीत समजावले. कोर्टाने त्यालाही सोडले. आमच्यातले काही जण तेव्हा चिडले, की स्मगलर सुटतो आणि आम्ही आनंद कसला मानायचा? आम्ही म्हणतो, मानायचा. जो नियम त्याच्यासाठी मोडला असता तो उद्या संपातल्या कामगारासाठी जागेवर राहिला नसता. आणि ज्याला कोणतीच लिपी वाचता येत नाही, त्याचे काय? छज्जूराम या निरक्षर माणसाच्या जम्मू-काश्मीरमधील प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितले की अशा माणसाला त्याच्या भाषेत नीट समजावून सांगितलेच पाहिजे. नुसता कागदावर अंगठा घेऊन मोकळे होता येणार नाही.

आता एक कडू घोट. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली. मिसाखाली देशभर माणसे आत गेली, त्यांत कामगार कार्यकर्तेही होते. ठिकठिकाणच्या हायकोर्टांत ‘माणूस दाखवा’ अर्ज पडले आणि अनेक हायकोर्टांनी, आपल्या नागपूर खंडपीठानेसुद्धा, सांगितले की अर्ज ऐकण्याचा आमचा अधिकार गेलेला नाही. सरकार सुप्रीम कोर्टात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितले की आणीबाणीत हा अर्ज चालणार नाही. त्या चौघांत आपले मराठी न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. आपला माणूस म्हणून आम्ही ते नाव गाळणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. पुढे सरन्यायाधीशपदाची त्यांची पाळी डावलली गेली. नंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काला हात लावायची बंदी झाली, आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाने तो जुना निकाल मोडीत काढला. तो निकाल लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. बापाची चूक मुलाने दुरुस्त केली. पण मधल्या काळात तुरुंगात गेलेली वर्षे कोण भरून देणार?

मिसा आणीबाणीनंतर गेला. १९५० च्या कायद्याची मुदत १९६९ च्या अखेरीस संपली. म्हणून निर्धास्त होऊ नका. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आहे. आपल्या राज्याचा १९८१ चा कायदा आहे, ज्याला लोक ‘झोपडपट्टी दादा कायदा’ म्हणतात. दोन्हींत बारा महिन्यांपर्यंत विनाचौकशी ठेवता येते. दोन्हींत कारणे साधारण पाच दिवसांच्या आत द्यावी लागतात, आणि हरिकिसनने मिळवलेला भाषेचा हक्क दोन्हींना लागू आहे.

साध्या अटकेलाही आता तो लागू झाला आहे. ६ नोव्हेंबर २०२५ ला, मुंबईतल्याच एका प्रकरणात, सुप्रीम कोर्टाने सांगितले की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी द्या आणि पकडलेल्याला समजेल त्या भाषेत द्या. त्या घटकेला अगदी अशक्य असेल तर तोंडी सांगा, पण मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी कागद हातात पडलाच पाहिजे. म्हणजे नागपूरच्या एका माणसाने १९६१ साली कोठडीतून जे मागितले, ते सगळ्यांच्या पदरात पडायला चौसष्ट वर्षे लागली.

आणि लक्षात घ्या, त्या माणसाने मराठी मागितली नव्हती, हिंदी मागितली होती. आम्ही मराठीसाठी भांडलो ते इतरांच्या तोंडाला कुलूप घालण्यासाठी नाही. सोलापूरच्या मागावरचा पद्मशाली तेलुगूत बोलतो, मालेगाव-भिवंडीचा मोमीन उर्दू वाचतो. त्याला पकडला तर त्याचा कागद त्याच्या लिपीत यावा म्हणून आधी मराठी कामगाराने उभे राहिले पाहिजे. तरच बेळगावात मराठी माणसाला धरल्यावर, किंवा सुरतेच्या उधन्यात आपल्या खानदेशी पोराला उचलल्यावर, आम्ही ताठ मानेने म्हणू शकू की कागद मराठीत द्या.

तक्रार अजून संपलेली नाही. कोठडीतल्या माणसाला मराठी कागद मिळेल; पण त्याच्या बायकोने मुंबई हायकोर्टात करायचा अर्ज मात्र इंग्रजीतच लागतो. घटनेचे ३४८ वे कलम तसे सांगते. त्याच कलमात वाटही आहे, की राज्यपालांनी राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याची भाषा हायकोर्टात चालू करावी. उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश, बिहार येथे हिंदी अशीच शिरली. महाराष्ट्रात मराठीला अजून तो उंबरठा ओलांडता आलेला नाही. ही मागणी या व्यासपीठावरून पुन्हा एकदा आम्ही नोंदवतो.

तोवर हातावर हात ठेवून बसायचे नाही. माणूस उचलला की पहिल्यांदा वही काढा. किती वाजता आले, किती जण, गणवेशात की साध्या कपड्यांत, छातीवरचे नाव, गाडीचा नंबर, कोणत्या चौकीचे म्हणाले, सगळे लिहा. शेजाऱ्यांची नावे लिहा. कोठे नेले हे नातेवाइकाला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ते विचारा, आणि तोंडी विचारून परत येऊ नका, लेखी अर्ज द्या. पूर्वी आम्ही अशा वेळी वरिष्ठांना तार ठोकायचो. तारखाते २०१३ साली बंद झाले, तेव्हा आता स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने पाठवा. चोवीस तास मोजा. कोणत्याही कागदावर सही मागितली तर आतल्या माणसाने आपल्या हाताने, आपल्या लिपीत लिहावे : ‘मला इंग्रजी येत नाही, मराठीत द्या.’ हरिकिसनचा सारा खटला अशाच एका लेखी मागणीवर उभा राहिला.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्याच यादीत स्त्रिया आहेत आणि औद्योगिक कामगारही आहे. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तिथे जा. घटनेच्या २२६ व्या कलमाखालचा हा अर्ज हायकोर्टात होतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. इचलकरंजीच्या बाईला आता नवऱ्यासाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठायला नको.

सभा संपल्यावर मागच्या टेबलावर चौकीत द्यायच्या अर्जाचा नमुना ठेवला आहे, मराठीत, हिंदीत आणि उर्दूत. दोन-दोन प्रती न्या. एक खोलीत रेशनकार्डाजवळ ठेवा, दुसरी शेजाऱ्याकडे द्या, कारण ज्याला नेतील तो स्वतः अर्ज द्यायला येणार नाही. अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर शिक्का आणि वेळ घ्या. पोच द्यायला नकार दिला, तर कोणी दिला आणि किती वाजता, तेही वहीत लिहा.